इथे चालते, तिथे अडते



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभे आयुष्य अभियांत्रिकी शिकवण्यात घालवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर बोलायचे तर विषय कामाचा असावा, एवढे एकच पथ्य मी पाळले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोला, अशी सूचना आली होती. पण त्या विषयावर बोलणाऱ्यांची आज वानवा नाही. ज्यावर सहसा कोणी व्याख्यान देत नाही आणि ज्याच्यापायी जगभरच्या प्रोग्रामरांच्या रात्री वाया जातात, असा विषय मी घेतला आहे: शेअर्ड लायब्ररी, म्हणजे सामाईक लायब्ररी, आणि ती प्रोग्रामला जोडताना होणारी अडवणूक.

हा विषय आपला नाही, असे सभागृहातल्या कोणी समजू नये. विंडोजवर एखादा प्रोग्राम उघडायला जावे आणि ‘व्हीसीरनटाइम १४० डॉट डीएलएल सापडली नाही’ अशी चौकट समोर यावी, हा अनुभव हिशेबनिसापासून शाळेतल्या मुलापर्यंत अनेकांनी घेतला आहे. ज्या यंत्रावर प्रोग्राम तयार झाला तिथे तो सुरळीत चालत होता. कोडची एक ओळही बदललेली नाही. तरी तो दुसऱ्या यंत्रावर अडतो. का अडतो आणि कारण कसे शोधायचे, हे आज पाहू.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यात एक करार असतो. तो करार दोघांच्या फायलींत लिहिलेला असतो, आणि तो वाचण्याची साधने प्रत्येक कार्यप्रणालीवर फुकट मिळतात. ही अडचण आली की बहुतेक लोक करार न वाचता फायली इकडून तिकडे हलवत बसतात. बहुतेक मनस्ताप तिथूनच सुरू होतो.

सामाईक कशासाठी?

कोणताही प्रोग्राम सगळी कामे स्वतः करत नाही. चित्र उघडणे, फाइल दाबून लहान करणे, बँकेशी चाललेला संवाद गुप्त ठेवणे, ही कामे इतरांनी आधीच लिहून ठेवलेली असतात. त्यांचा वापर दोन रीतींनी करता येतो. पहिली रीत स्थिर जोडणीची: लायब्ररीतला लागेल तेवढा कोड प्रोग्राममध्ये कायमचा उतरवून घ्यायचा. दुसरी सामाईक जोडणीची: प्रोग्राममध्ये फक्त लायब्ररीचे नाव आणि हवी असलेली फंक्शने नोंदवायची, प्रत्यक्ष लायब्ररी प्रोग्राम सुरू होताना कार्यप्रणालीने शोधून आणायची.

सामाईक लायब्ररी ही जुन्या वाड्यातल्या एका विहिरीसारखी आहे. सगळी बिऱ्हाडे तिचेच पाणी भरतात. गाळ एकदा उपसला की सर्वांचे पाणी स्वच्छ होते, आणि पाणी बिघडले तर सर्वांचेच बिघडते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला, तेव्हा दोन्ही बाजू जगाला दिसल्या. एका लायब्ररीतल्या एका चुकीने असंख्य सर्व्हर उघडे पडले. पण जिथे ती लायब्ररी सामाईक होती, तिथे ती एक फाइल बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांतले ते भगदाड बुजले. ज्यांनी तिची प्रत पोटात घेतली होती, ते प्रोग्राम एकेक करून नव्याने बांधावे लागले.

ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकातल्या मल्टिक्स प्रणालीत प्रोग्राम चालू असताना जोडणी होत असे. विंडोजमध्ये डीएलएल, म्हणजे तिथल्या सामाईक लायब्ररी, १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. युनिक्सच्या जगात सन कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आजच्या पद्धतीचा पाया घातला, आणि सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ‘एल्फ’ हा फाइलप्रकार आला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर लिनक्सने तो स्वीकारला. त्याआधी लिनक्सवर प्रत्येक सामाईक लायब्ररीला स्मृतीतला ठरावीक पत्ता राखून द्यावा लागे. विंडोजने १९९३ पासून ‘पीई’ हा स्वतःचा प्रकार वापरला, आणि मॅकने ‘माख-ओ’. आज एकच सी प्रोग्राम तिन्हीकडे बांधता येतो, पण त्याची जोडणी तिन्हीकडे तीन वेगळ्या कायद्यांनी होते.

आधी विचारा: कोणत्या पायरीवर?

निदानाचा पहिला प्रश्न नेहमी एकच असावा: अडले ते नेमके कुठे? पायऱ्या तीन आहेत. कम्पायलर हेडर फाइल वाचतो आणि लायब्ररीत काय असेल एवढे मानून चालतो. लिंकर प्रत्यक्ष लायब्ररी उघडून तिथे ते आहे का, हे पाहतो. लोडर प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून स्मृतीत आणतो. या तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या वेळी, कधी वेगवेगळ्या यंत्रांवर होतात आणि प्रत्येकीची शोधण्याची ठिकाणे वेगळी असतात. लिंकरला लायब्ररी सापडली म्हणून ती लोडरलाही सापडेल, अशी कसलीही हमी नाही.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर याचा रोजचा प्रत्यय येतो. लायब्ररी बसवलेली असते, तिच्यावर चालणारे प्रोग्राम व्यवस्थित चालू असतात, आणि तरी लिंकर म्हणतो की लायब्ररी सापडत नाही. खोटे कोणीच बोलत नाही. लोडर ‘डॉट एसओ डॉट १’ असे आवृत्तीच्या आकड्यासह नाव शोधतो, आणि ते चालवण्याच्या पॅकेजमध्ये येते. लिंकरला आकड्याविना नुसते ‘डॉट एसओ’ हवे असते. ते हेडर फायलींबरोबर नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेल्या पॅकेजमध्ये येते. फेडोरावर तिथे ‘डेव्हेल’ लिहितात. ते एक पॅकेज बसवले की काम संपते.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार लिंकरची. तिची नेहमीची कारणे हाताच्या बोटांवर मोजता येतील. लायब्ररी दिलेलीच नाही. दिली आहे, पण ती ३२ बिटची आणि प्रोग्राम ६४ बिटचा. लायब्ररी सी भाषेतली आणि तिला हाक मारणारा प्रोग्राम सी प्लस प्लसमधला. सी प्लस प्लसचा कम्पायलर फंक्शनच्या नावात त्याच्या पॅरामीटरचे प्रकार गुंफतो, त्यामुळे लायब्ररीतले साधे नाव त्याला जुळत नाही. चौथे कारण क्रमाचे. ग्नू लिंकर आज्ञेतली नावे डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तोवर ज्याची गरज पडली तेवढेच उचलतो. लायब्ररीचे नाव आधी आणि तिची गरज असलेली फाइल नंतर, असे झाले की लायब्ररी बाजूला पडते. पूर्वी हा जाच फक्त स्थिर लायब्ररींना होता. २०११ च्या ११.१० आवृत्तीपासून उबुंटूने, गरज दिसली तरच जोडायचे, हे धोरण मुळातच चालू ठेवले आणि सामाईक लायब्ररीही या नियमात आल्या. मॅकचा लिंकर क्रमाबाबत उदार आहे. म्हणून मॅकवर निर्धोक चाललेली मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या आज्ञांची फाइल, उबुंटूवर अडते, आणि दोष भलत्यालाच लागतो.

तीन घरचे तीन कायदे

लिनक्सवर सामाईक लायब्ररीच्या पोटात सहसा तिचे अधिकृत नाव लिहिलेले असते. त्याला ‘एसओनेम’ म्हणतात. प्रोग्राम बांधताना लिंकर हेच नाव प्रोग्राममध्ये नोंदवतो. फायलीचा पत्ता तो नोंदवत नाही. पत्ता शोधणे हे लोडरचे काम: प्रोग्राममध्ये नोंदवलेला मार्ग, मग ‘एलडी लायब्ररी पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधले मार्ग, मग ‘एलडीकॉन्फिग’ने करून ठेवलेली सूची, आणि शेवटी ठरलेल्या सिस्टिम डिरेक्टरी. स्वतः बांधलेली लायब्ररी ‘यूझर-लोकल’मध्ये बसवून ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचे राहिले की सूचीत तिचे नाव येत नाही. फाइल डोळ्यांना दिसते, पण लोडरला दिसत नाही. आणखी एक मेख आहे. प्रोग्राममध्ये नोंदवलेला मार्ग दोन प्रकारचा असतो, जुना ‘आरपाथ’ आणि नवा ‘रनपाथ’. आरपाथ त्या व्हेरिएबलच्या आधी पाहिला जातो, रनपाथ नंतर. शिवाय रनपाथ फक्त ज्या फायलीत लिहिला आहे तिच्या थेट गरजांना लागू होतो. तिच्या लायब्ररीच्या लायब्ररीला नाही. पहिली लायब्ररी सापडते आणि तिने मागितलेली दुसरी सापडत नाही, यामागे बहुधा हेच असते.

लिनक्सवर सामाईक लायब्ररीचा कोड स्मृतीत कुठेही ठेवला तरी चालेल असा बांधावा लागतो. त्यासाठी कम्पायलरला ‘एफपिक’ हा पर्याय द्यायचा. ३२ बिट इंटेलवर तो विसरला तरी बहुधा निभावत असे. ६४ बिटवर लिंकर साफ नकार देतो. बहुतेकदा मूळ दोषी आपला कोड नसतो. सामाईक लायब्ररीत एखादी जुनी स्थिर लायब्ररी ओढून घेतलेली असते आणि ती या पर्यायाविना बांधलेली असते. लिंकरच्या तक्रारीत त्या फायलीचे नाव असते, पण पुष्कळजण पुढचे वाचतच नाहीत.

विंडोजचा कायदा उलट्या टोकाचा. लिनक्सवर लायब्ररीतले प्रत्येक फंक्शन, मुद्दाम लपवले नाही तर, बाहेर दिसते. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरवर, मुद्दाम दाखवले नाही तर, काहीच दिसत नाही. लिनक्सवरचा प्रकल्प विंडोजवर नेला की डीएलएल तयार होते, पण तिच्याबरोबर यायची ती इम्पोर्ट लायब्ररी निघत नाही, कारण निर्यात करायला काही सांगितलेलेच नसते. दुसरे, लिनक्सवर सामाईक लायब्ररी बांधताना काही नावे अनुत्तरित राहिली तरी लिंकर खपवून घेतो. विंडोजवर एकही राहिलेले चालत नाही. तिसरे, एका डीएलएलमध्ये मागितलेली स्मृती दुसऱ्या डीएलएलने मोकळी केली आणि दोघींचे सी रनटाइम वेगळे असले, तर प्रोग्राम कोसळतो. लिनक्सवर सहसा एकच सी लायब्ररी असल्याने हा दोष तिथे वर्षानुवर्षे झाकला जातो.

विंडोज डीएलएल शोधताना आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहते, मग सिस्टिम फोल्डरमध्ये, आणि सर्वांत शेवटी ‘पाथ’मध्ये. १९९० च्या दशकात प्रत्येक नवा प्रोग्राम बसताना आपल्याजवळची डीएलएल सिस्टिम फोल्डरमध्ये टाकी आणि आधीच्या प्रोग्रामाची वाट लावी. ‘डीएलएल हेल’ हे नाव त्या काळाचे. विंडोज २००० मध्ये सिस्टिमच्या फायलींना संरक्षण आले आणि एक्सपीमध्ये एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय झाली. तरी एक फसगत उरलीच: ‘अमुक मॉड्यूल सापडले नाही’ या संदेशात ज्या डीएलएलचे नाव येते ती अनेकदा जागेवरच असते; तिला लागणारी दुसरी कुठली तरी नसते. संदेश कुठे थांबलो ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. आणि ६४ बिट विंडोजवर ६४ बिट डीएलएल ‘सिस्टिम ३२’मध्ये असतात, तर ३२ बिटच्या ‘सिसवाव ६४’मध्ये. नावावर विसंबून फायली हलवणाऱ्याची गत काय होत असेल, ते सांगायला नको.

मॅकची तऱ्हा तिसरी. तिथे लायब्ररीच्या पोटात तिचा स्वतःचा पूर्ण मार्ग, म्हणजे ‘इन्स्टॉल नेम’, लिहिलेला असतो आणि जोडणी होताना तो जसाच्या तसा प्रोग्राममध्ये उतरतो. लायब्ररी ज्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये बांधली त्याचाच मार्ग आत राहिला, तर प्रोग्राम दुसऱ्याच्या यंत्रावर तोच फोल्डर शोधत बसतो. २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून ‘ॲट आरपाथ’ लिहून मार्ग सापेक्ष ठेवता येतो. २०१५ च्या एल कॅपिटनपासून सिस्टिमचे संरक्षित प्रोग्राम लायब्ररीचे मार्ग सांगणारी व्हेरिएबले पुसून टाकतात. त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट एकाएकी निकामी झाल्या. २०२० च्या बिग सरपासून सिस्टिमच्या बहुतेक लायब्ररी डिस्कवर वेगळ्या फायली म्हणून दिसतच नाहीत, त्या एका एकत्रित साठ्यात असतात. फाइल आहे का, असे तपासणारी बिल्ड स्क्रिप्ट तिथे चुकते. त्याच वर्षी ॲपलने स्वतःची चिप आणली. होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचे घर इंटेल मॅकवर ‘यूझर-लोकल’मध्ये होते, नव्या मॅकवर ते ‘ऑप्ट-होमब्रू’मध्ये गेले. जुन्या यंत्रावरून सगळे उचलून आणलेल्यांच्या यंत्रात दोन्ही नांदू लागली आणि वेगळ्या चिपच्या लायब्ररी एकमेकींत मिसळल्या. भरीत भर म्हणजे नव्या चिपसाठी बांधलेल्या प्रत्येक कोडला सही लागते, आणि इन्स्टॉल नेम बदलले की आधीची सही बाद होते.

एका फंक्शनची गोष्ट

करार म्हणजे काय, हे २०१० च्या अखेरीस घडलेल्या एका प्रसंगातून चांगले कळते. फेडोरा १४ नुकतीच बाहेर पडली होती आणि ६४ बिट यंत्रांवर, ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या ॲडोबीच्या फ्लॅशमधला आवाज फाटू लागला. फ्लॅश बदलला नव्हता. बदलली होती ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारे ‘मेमकॉपी’ हे फंक्शन नव्या प्रोसेसरांसाठी वेगवान करताना ते काही वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे नक्कल करू लागले होते. सी भाषेचा नियम असा की दोन जागा एकमेकींवर येत असतील तर मेमकॉपी वापरायचे नाही, ‘मेममूव्ह’ वापरायचे. फ्लॅशने तो नियम मोडला होता. जुन्या फंक्शनच्या योगायोगाने ते निभावत होते.

चूक कोणाची? नियम पाहिला तर फ्लॅशची. पण दोष-नोंदीवरच्या चर्चेत खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स उतरले आणि त्यांनी वापरणाऱ्याची बाजू घेतली: ज्याचा व्हिडिओ काल नीट चालत होता, त्याला भाषेच्या नियमावलीशी काय देणेघेणे? २०११ च्या ग्लिबसी २.१४ मध्ये तोडगा निघाला. मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या ठेवल्या. जुन्या प्रोग्रामांना जुनी, कशीही वापरली तरी सांभाळून घेणारी. नव्याने बांधलेल्यांना नवी. लायब्ररीत प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीचे लेबल चिकटवण्याची सोय होती, म्हणून हे जमले.

या तोडग्याची किंमतही चुकवावी लागली. नव्या यंत्रावर बांधलेल्या ज्या प्रोग्रामात मेमकॉपीचा वापर आहे, त्यात ‘ग्लिबसी २.१४ हवी’ अशी नोंद पडू लागली. सेंटओएस ६ वर ग्लिबसी २.१२ होती. तिथे असे प्रोग्राम सुरूच होईनात. २०२१ च्या २.३४ आवृत्तीनंतर हेच पुन्हा झाले, आणि या वेळी प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाच नवे लेबल लागले. म्हणून उबुंटू २२.०४ वर बांधलेला साधा प्रोग्रामही २०.०४ वर चालत नाही. यातून व्यवहाराचा नियम निघतो: जुन्या यंत्रावर बांधलेले नव्यावर चालते, नव्यावर बांधलेले जुन्यावर चालेल याचा भरवसा नाही. पायथॉनच्या मंडळींनी २०१६ मध्ये हा नियम प्रमाण म्हणून लिहून काढला. ‘मेनीलिनक्स १’ या प्रमाणानुसार पॅकेज बांधायचे होते ते सेंटओएस ५ इतक्या जुन्या पायावर, म्हणजे ते जवळपास सगळीकडे चाले.

आवृत्तीचे लेबल हे शहाणपणाचे कुंपण आहे, हे आणखी एका उदाहरणात दिसते. उबुंटू २२.०४ वर ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली आणि ‘लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१’ मागणारे जुने प्रोग्राम अडले. पुष्कळांनी नव्या फायलीला जुन्या नावाची सिमलिंक, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारे दुसरे नाव, दिली. लोडरने फाइल उघडली, आतले लेबल तपासले, ‘ओपनएसएसएल १.१.०’ नाही म्हणून नोंदवले आणि प्रोग्राम चालवायला नकार दिला. त्याने वाचवलेच म्हणायचे. लेबल नसलेल्या लायब्ररीत अशी सिमलिंक चालून जाते आणि मग प्रोग्राम चुकीची उत्तरे देतो. चुकीच्या उत्तरापेक्षा अडलेला प्रोग्राम बरा.

मराठीशी संबंध

हा सगळा खटाटोप आपल्या भाषेपासून दूर नाही. मराठीतली जोडाक्षरे, वेलांट्या, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कुठे कसा बसवायचा, हे ठरवणारा कोड सामाईक लायब्ररीतच असतो. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती युनिस्क्राइबमुळे. त्याची डीएलएल होती ‘यूएसपी १०’. मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्वतःची वेगळी प्रत आणत असे. त्यामुळे एकाच यंत्रावर एकच मजकूर एका प्रोग्रामात एक रूप आणि दुसऱ्यात दुसरे रूप घेऊ शके. फॉन्टवर खापर फुटे, आणि फरक असे डीएलएलच्या आवृत्तीचा. आता हे काम लिनक्सवर, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये, तसेच लिबरऑफिसमध्ये हार्फबझ ही लायब्ररी करते. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिसने तिन्ही कार्यप्रणालींवर हार्फबझच वापरायला घेतली. एकच लायब्ररी सर्वत्र वापरल्याचा लाभ मराठी वाचकाच्या पदरात असा पडला.

करायचे काय?

लायब्ररी अडली की तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. ही फाइल कोणत्या चिपची आणि किती बिटची? ती कोणाची नावे मागते? आणि ती नावे कुठे शोधली जातात? लिनक्सवर ‘फाइल’, ‘रीडएल्फ’ आणि ‘एनएम’ या आज्ञा उत्तरे देतात. लोडर काय शोधतो आहे हे ‘एलडी डीबग’ लावून ओळीओळीने पाहता येते. विंडोजवर ‘डम्पबिन’, मॅकवर ‘ओटूल’. अनोळखी प्रोग्रामावर ‘एलडीडी’ मात्र चालवू नये, कारण काही वेळा ती तपासण्याऐवजी तो प्रोग्रामच सुरू करते.

लायब्ररी लिहिणाऱ्यांवर याहून मोठी जबाबदारी आहे. जुना करार मोडणारा बदल केला तर एसओनेमचा आकडा बदला. जे बाहेर दाखवायचे नाही ते लपवा. दिसते ते लोक वापरतात आणि मग ते बदलता येत नाही. २०१५ मध्ये जीसीसी या कम्पायलरच्या पाचव्या आवृत्तीने सी प्लस प्लसमधल्या ‘स्ट्रिंग’ची अंतर्गत रचना बदलली, तेव्हा जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपे एकाच लायब्ररीत ठेवली आणि नव्या रूपाला वेगळे नाव दिले. तरीही डेबियनला कितीतरी पॅकेजे नव्याने बांधावी लागली. नाव वेगळे नसते, तर ती न अडता चालू लागली असती आणि आत डेटा बिघडवत राहिली असती.

जे प्रोग्राम लिहीत नाहीत, त्यांना एकच विनंती. डीएलएल सापडत नाही असे दिसले की ती एकटी फाइल इंटरनेटवरच्या कुठल्याही अनोळखी जागेवरून उतरवू नका. तिच्यात काय भरले आहे, हे तुम्हाला कळणार नाही. ती ज्या उत्पादकाची आहे, त्याच्याकडचे अधिकृत पॅकेज बसवा. व्हीसीरनटाइमच्या बाबतीत ते मायक्रोसॉफ्टच देते, आणि तेही मोफत.

आणि इथे बसलेल्या अभियांत्रिकीच्या शिक्षकांना एक आवाहन. आपल्या अभ्यासक्रमात कम्पायलर शिकवला जातो, पण लिंकर आणि लोडर बहुधा एखाद्या तासात उरकले जातात. प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक सामाईक लायब्ररी लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर बांधायला लावा, ती जाणीवपूर्वक मोडायला लावा, आणि काय मोडले ते फायलीतून वाचून सांगायला लावा. नोकरीत पहिल्याच वर्षी त्याला हे लागणार आहे. ते कॉलेजात शिकवणे हे आपले काम आहे.